इजा किरकोळ

९ नोव्हेंबर

मामा,

दरवेळी 'पाया पडते' लिहून सुरुवात करते, आज नुसत्या नमस्कारावर भागवून घ्या. खरं तर फोनच करणार होते. पण तुमच्या कानातलं ते मशीन शिट्ट्या मारणार, तुम्ही "कोण? कोण बोलतंय?" करून फोन आपटणार आणि वर मलाच म्हणणार की ठमी तोंडातल्या तोंडात बोलते. त्यापेक्षा पत्र बरं.

शनिवारी ढब्बूला भेटून आले. कच्च्या कैद्यांची मुलाखत शनिवारी, हे तुम्हाला काय सांगायचं, तुमची उभी हयात त्यात गेली. पाच महिने झाले त्याला आत. गोदामातला माल गेला, किल्ली याच्याकडे, म्हणून हा आत, आणि खटला अजून उभासुद्धा राहिलेला नाही. तरी दर शनिवारी जाळीपलीकडून माझी काही ना काही टिंगल करायचा. या वेळी गप्प. जेवतोस का विचारलं, मान हलवली. झोप लागते का विचारलं, मान हलवली. त्याच्या मागे एक हवालदार उभा होता, गळ्यातली शिट्टी बोटाभोवती फिरवत. आधी कधी असं कुणी मागे उभं राहत नसे. निघताना ढब्बू एवढंच म्हणाला, "ताई, मामांना कळव." काय कळव, ते बोलला नाही.

धुवायच्या कपड्यांत त्याचा निळा शर्ट होता. कॉलरच्या मागे चार बोटं फाटलेला, एका काखेची शिवण उसवलेली, खांद्यावर तपकिरी डाग. माझं डोकं कुठे होतं कोण जाणे. सवयीने आणला, भिजत घातला, डाग घालवला आणि रफू करत बसले. आतल्या दुमडीतले धागे उपसून त्याच्याच कापडाने त्याचं भोक भरलं. दुकानातल्या मालकीणबाई भिंग लावून शोधत होत्या, त्यांनाही जागा सापडली नाही. मी खूश! बुधवारी शर्ट परत पाठवला आणि घरी चालत येताना रस्त्यातच थांबले. अगं बाई, हा फाटला कसा, हे मी विचारलंच नाही.

तुम्ही नोकरीची शेवटची नऊ वर्षं त्याच तुरुंगात काढलीत. काय चाललंय तिथे?

तुमची ठमी


१४ नोव्हेंबर

ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते लिहिण्यात ओळ कशाला घालवू?

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी श्वास घे. हवालदार मागे उभा राहतो तो नियम आहे. आमच्या वेळी पाळत नसू, आता पाळत असतील तर चांगलंच आहे. शर्टाचं म्हणशील, तर आत दीडशे माणसं एका न्हाणीत आंघोळ करतात. ढकलाढकली होते. कपडे फाटतात, कोपरं फुटतात. एकतीस वर्षं मी हेच पाहिलं. तुम्ही लोक सिनेमे बघता आणि तुरुंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी येतं.

आणि तुझा भाऊ मुळात धांदरट. सायकल शिकवताना मैदानात एकच झाड होतं, पठ्ठ्या बरोबर त्याच्यावर जाऊन आदळला. आठवतं? तेव्हाही दोन दिवस गप्पच होता. शरमेने.

आता मुद्द्याचं. त्याच्या बराकीचा मुख्य हवालदार माझ्या हाताखाली तयार झालेला आहे. आला तेव्हा त्याला दोन ओळी सरळ लिहिता येत नव्हत्या. नोंदवही कशी भरायची, हे मी त्याला शेजारी बसवून शिकवलं. अजून नवीन वर्षाला कार्ड पाठवतो. तो तिथे असताना ढब्बूच्या केसाला धक्का लागायचा नाही. निश्चिंत राहा आणि डोळे सांभाळ, त्या बारीक टाक्यांनी तुझी आई लवकर आंधळी व्हायला आली होती.

मामा


२० नोव्हेंबर

मामा,

बोटाला चिंधी बांधून लिहितेय, अक्षर लागलं नाही तर पुन्हा पुन्हा वाचा, पण वाचा.

काल दुकानात एक रंगारी आला. पँटचा खिसा दुरुस्त करायला. मी सुईत दोरा ओवत होते आणि तो हळूच म्हणाला, "तुम्ही ढब्बूच्या ताई ना? मी त्याच्याच बराकीत होतो, सोमवारी सुटलो." मग मालकीणबाई आत जाईपर्यंत थांबला आणि बोलला. मामा, मी ऐकत होते आणि माझ्या हातातली सुई माझ्याच बोटात गेली, ते मला रक्त पाहून कळलं.

ढब्बूच्या कोठडीत एक चष्मेवाला होता. शिकलेला. इतरांचे अर्ज लिहून द्यायचा. जेवणाच्या तक्रारीचा अर्ज त्याने तीसजणांच्या सह्या घेऊन वर पाठवला. ऑक्टोबरच्या शेवटी, सकाळी, तिघा पहारेकऱ्यांनी त्याला कोठडीतच धरलं. ढब्बू तिथेच होता, भिंतीला चिकटून. त्याच्या डोळ्यांदेखत मारलं त्या माणसाला. जीव जाईपर्यंत! मग फरपटत न्हाणीत नेऊन टाकलं. कागदावर काय, तर पाय घसरला.

त्या तिघांतला म्होरक्या म्हणजे तो शिट्टीवाला. तोच बराकीचा मुख्य हवालदार. तुमचा चेला, मामा. कार्ड पाठवणारा.

आता चौकशी लागलीय. १८ डिसेंबरला बाहेरचा अधिकारी येऊन जबाब घेणार आहे आणि डोळ्यांनी पाहिलेला एकटा ढब्बू आहे. त्याला रोज सांगतात, "न्हाणी अजून ओलीच आहे बरं का." या महिन्याच्या सुरुवातीला एकदा कॉलर धरून तिथवर नेऊन आणलं. तो शर्ट मी रफू केला! पुरावा माझ्या हातात होता आणि मी तो धुतला, शिवला, इस्त्री करून परत दिला. इतकी कसली हुशारी आली होती माझ्या हाताला? काल जेवण गेलं नाही मला.

त्याला तिथून हलवायला पाहिजे. अठरा तारखेच्या आत. वकीलबाई म्हणतात, कोर्टात अर्ज करू, पण नुसत्या ऐकीव गोष्टीवर कोर्ट हलणार नाही. रंगारी जबाब द्यायला घाबरतोय, त्याचा भाऊ अजून आत आहे. मामा, तुम्हाला तिथली प्रत्येक वीट माहीत आहे. कुणाला सांगायचं ते तुम्हीच सांगू शकता. पण त्या चेल्याला नको. हात जोडते.

ठमी


२५ नोव्हेंबर

ठमे,

माझा अजून विश्वास बसत नाही. त्याच्या लग्नात मी पुढच्या रांगेत बसलो होतो. रंगाऱ्याने तिखटमीठ लावलं असेल. पण तू हात जोडलेस, ते मला वाचवेना.

काम केलं आहे. हातावर हात ठेवून बसलेलो नाही. अधीक्षकांच्या नावे रीतसर अर्ज लिहिला, दोन पानी, समास सोडून. ढब्बूचा कैदी क्रमांक, कोठडी क्रमांक, त्याने काय पाहिलं, अठरा तारखेला तो काय सांगणार आहे, आणि म्हणून त्यास संरक्षण मिळावे, असं सगळं मुद्देसूद. निवृत्त झालो म्हणून काय झालं, माझ्या सहीला अजून किंमत आहे. तू चेल्याला सांगू नका म्हणालीस, नाही सांगितलं. कालच टपालात टाकला, योग्य मार्गाने. आता आठवड्याभरात हालचाल होईल.

ढब्बूला सांग, मामा मागे उभा आहे.

मामा


३ डिसेंबर

मामा,

योग्य मार्गाने.

हे दोन शब्द मी काल वकीलबाईंना वाचून दाखवले आणि त्या खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. "कोणत्या मार्गाने?" म्हणाल्या. मला काय माहीत! त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. अधीक्षकांकडे जाणारा कागद आधी बराकीच्या मुख्य हवालदाराच्या टेबलावर येतो. तो त्यावर शेरा मारणार, मग जेलर, मग अधीक्षक. तुम्हाला माहीत नव्हतं? एकतीस वर्षं तुम्ही दुसरं काय केलंत? चेल्याला सांगू नका म्हटलं, तर तुम्ही त्याच्याच हातात दोन पानं लिहून दिलीत, समास सोडून!

त्याने तो अर्ज बराकीत सगळ्यांसमोर वाचला, मामा. तुमचा शब्द न् शब्द. "माझा भाचा प्रामाणिक असून" इथे सगळ्यांना हसायला लावलं. ही सोमवारची गोष्ट. मंगळवारी सकाळी ढब्बू तुरुंगाच्या दवाखान्यात.

दोन बरगड्या मोडल्यात. डावा डोळा उघडत नाही. वकीलबाई भांडून आत गेल्या तेव्हा हे कळलं, नाहीतर आम्हाला कुणी सांगणार होतं? तो त्यांना म्हणाला, "ताईला म्हणावं, मी अजून नाही म्हटलेलं नाही." म्हणजे जबाब द्यायला. ऐकून मी रस्त्यातच रडले.

वकीलबाईंनी त्या दिवसाच्या नोंदीची नक्कल काढली. ती खाली उतरवते, तुम्हीच बघा तुमच्या चेल्याचं लेखन:

'सकाळी न्हाणीत पाय घसरून पडला. इजा किरकोळ. कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

त्याचे कपडे माझ्याकडे आलेत. पांढरा शर्ट होता, आता कोणता रंग म्हणायचा? मी पाण्याला लावलेला नाही. सुईलाही लावणार नाही. कागदात गुंडाळून कपाटात ठेवलाय.

आता तुम्ही काहीही करू नका. कुणाला लिहू नका. माझ्यावर एवढे उपकार करा.

ठमी


१० डिसेंबर

मामा,

आठवडा झाला, तुमचं उत्तर नाही. काहीही करू नका म्हटलं, म्हणजे मलाही लिहू नका असं नाही. रागाच्या भरात बोलले. तुम्हाला मुद्दाम करायचं नव्हतं, हे काय मला कळत नाही? आई गेल्यावर तुम्हीच होतात.

शेजारच्यांना फोन केला, ते म्हणाले दिवे लागतात, दार उघडत नाहीत. तब्येत बरी आहे ना? दोन ओळी टाका.

ठमी


११ डिसेंबर

ठमे,

तब्येतीला काही झालेलं नाही. तुझं तीन तारखेचं पत्र टेबलावर उघडं आहे. दिवसातून कितीदा तरी त्या ओळींपाशी येतो.

ते वाक्य माझं आहे.

म्हणजे तुला वाटेल, तसंच काहीतरी मीही कधी लिहिलं असेल. तसं नाही. तेच आहे, शब्दाला शब्द. मी ते बावीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा लिहिलं. सायकल दुरुस्त करणारा एक माणूस होता, तुझ्या आत्ताच्या वयाचा. कच्चा कैदी. त्याला मी मारलं नाही, हे मी बावीस वर्षं स्वतःला सांगत आलो. खरंच मी हात लावला नाही. मला नंतर बोलावलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. तो न्हाणीत पडलेला होता आणि जमीन कोरडी ठणठणीत होती. साहेब म्हणाले, बघा काय ते. मी आधी दोन बादल्या पाणी ओतलं. मग खुर्चीवर बसून लिहिलं.

'किरकोळ' हा शब्द मी सुचवला. नंतर माणूस गेला तर म्हणता येतं की तेव्हा तसं वाटलं नव्हतं. 'कोणाविरुद्ध तक्रार नाही' हेही माझंच. त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि तो सांगण्याच्या स्थितीत नव्हता. साहेबांनी पाठ थोपटली. पुढे नवीन पोरं आली की मी त्यांना शिकवायचो, वाक्य लहान ठेवा, कारण एकच द्या, अपघात सकाळचा दाखवा. तो हुशार निघाला, पाठच करून टाकलं त्याने.

तो सायकलवाला गेला. त्याची बायको पुढे महिनाभर फाटकावर यायची. सगळे टाळायचे म्हणून मला पुढे करायचे. मी तिला सांगायचो, "बाई, पाय घसरला हो." ती विचारायची, चप्पल होती का पायात? मी फाटक लावून घ्यायचो.

तू फाटकं कापड असं सांधतेस की जागा दिसत नाही. मी कागदाचं तेच केलं आणि नावाजला गेलो. ढब्बूच्या बरगड्या माझ्या वाक्याने मोडल्या आहेत, अर्जाने नंतर. हे तुला सांगितल्याशिवाय मला दार उघडून बाहेर जाता येईना.

मला काय करायचं ते सांग. तू सांगशील ते करीन.

मामा


१४ डिसेंबर

तुमचं पत्र मिळालं.

काय लिहू? दोन दिवस मी दुकानात गेले नाही. पत्र ठेवलेल्या खोलीतसुद्धा गेले नाही. हाक मारून सुरुवात करायला जीभ वळत नाही, म्हणून वर मोकळंच सोडलंय.

तुम्ही आम्हाला खांद्यावर घेऊन फिरवलंत. रजेवर आलात की तुमच्या गणवेशाला मी बटणं लावायची, नऊ वर्षांची होते, तेव्हा शिकले. त्या बाईला फाटकावर 'पाय घसरला हो' सांगून आलात, आणि संध्याकाळी आमच्याकडे जेवायला बसलात? त्याच वर्षी? मी मनात वर्षं मोजली. त्याच वर्षी.

मी काय करा म्हणून सांगणार? तुम्हाला कळतंय काय करायचं ते, माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. तरी सांगते, कारण ढब्बूकडे चार दिवस आहेत. अठरालाच सकाळी त्याच्या संरक्षणाचा अर्ज कोर्टापुढे येतोय, जबाबाच्या आधी. माझ्याकडे तो पांढरा शर्ट आहे, पण शर्टावर एकटीचं कोण ऐकणार? वकीलबाई म्हणतात, जुनी नोंदवही कोर्टामार्फत मागवून घेता येईल. पण ते वाक्य कुठून आलं, हे सांगणारं माणूस समोर उभं राहायला हवं. त्यांनी हेही सांगितलंय, ते लपवत नाही: असं सांगणाऱ्याला पुढे अटक होऊ शकते. या वयात. तिथेच.

योग्य मार्गाने येऊ नका. सरळ कोर्टात या. दुसरा मजला, साडेदहा.


१६ डिसेंबर

ठमे,

येतो. सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं. मशीनला नवा सेल घातला आहे, म्हणजे जज्जसाहेबांना प्रश्न दोनदा विचारावा लागू नये.

मामा


२१ डिसेंबर

कोर्टाच्या गॅलरीत तुम्ही बाकावर बसला होतात आणि मी समोरून निघून गेले. चहा विचारला नाही. ते माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

तुम्ही उभे राहण्याआधी काय झालं ते तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल. जज्जसाहेबांनी पांढरा शर्ट स्वतःच्या हातात घेतला. मला विचारलं, पडून फाटलंय की ओढून, हे तुम्ही कशावरून सांगता? मी म्हटलं, साहेब, पडून फाटलं की कापड घासतं, धागे आखूड तुटतात, आणि फाटतं ते कोपराला नाहीतर गुडघ्याला. हे कॉलरमागे फाटलंय आणि धागे बघा, बोटभर लांब लोंबतायत. कुणीतरी मागून धरून ओढलंय आणि हा पुढे जायला बघत होता. मग विचारलं, आधीचाही एक शर्ट होता म्हणता, तो कुठे आहे? मी म्हटलं, आहे, पण मी तो इतका चांगला रफू केलाय की आता मलाच जागा सापडत नाही. कोर्टात कुणीतरी हसलं. जज्जसाहेब हसले नाहीत.

नंतर त्यांनी तीन नोंदी एकापुढे एक मोठ्याने वाचल्या. चष्मेवाल्याची, ढब्बूची आणि तुमची बावीस वर्षांपूर्वीची. तेच वाक्य तीनदा. तिसरी वाचून त्यांनी वही मिटली. "हे कोणाचं वाक्य आहे?" म्हणाले, आणि तुम्ही कानाला हात लावून, मोठ्याने, बहिरी माणसं बोलतात तसं सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं म्हणालात, "माझं." मला तेव्हा लाज वाटली की अभिमान, मला अजून सांगता येत नाही. दोन्ही एकदम वाटत होतं.

ढब्बूला त्याच दुपारी दुसऱ्या तुरुंगात हलवलं. बाहेरचा डॉक्टर रोज तपासणार, वकीलबाई हव्या तेव्हा भेटणार. शिट्टीवाला आणि ते दोघे कामावरून बाजूला. संध्याकाळी ढब्बूने जबाब दिला, पूर्ण. काल त्याला भेटले. डावा डोळा जरासा उघडतो. मला म्हणाला, "ताई, केस कधी विंचरले होतेस?" माझ्या जिवात जीव आला.

तुमचं विचारलं त्याने. मी सगळं सांगितलं. मग म्हणाला, "झाडावर आदळलो तेव्हा मामांनी आईला सांगितलं होतं, पाय घसरला. मला ओरडा बसू नये म्हणून." आणि रडायला लागला.

वकीलबाई त्या सायकलवाल्याच्या बायकोला शोधतायत. सापडली तर तिच्यासमोर तुम्ही एकट्याने जायचं. मी सोबत येणार नाही.


८ फेब्रुवारी
(कोपऱ्यात निळा शिक्का: तपासले)

चि. ठमीस,

जुने प्रकरण पुन्हा उघडून मला अटक झाली, त्यास आज अकरा दिवस झाले. माझ्या नोकरीच्या जुन्या जागीच ठेवले आहे. वकीलबाईंनी दुसरीकडे हलवण्याचा अर्ज दिला आहे, त्याचा निकाल यथावकाश होईल. इथे बरेच ओळखीचे लोक आहेत. मी कोर्टात काय बोललो, हे सर्वांना माहीत आहे. माझी सर्वजण आस्थेने चौकशी करतात.

जेवण वेळेवर मिळते. कानाचे मशीन बिघडले आहे, त्यामुळे मागून कोण आले ते कळत नाही, एवढीच गैरसोय. ढब्बूला जामीन मिळाला हे ऐकून आनंद झाला. त्याला थंडीत छाती झाकायला सांग.

काल सकाळी न्हाणीत पाय घसरून पडलो. इजा किरकोळ. कोणाविरुद्ध तक्रार नाही.

तुझा मामा


११ फेब्रुवारी

मामा,

पाया पडते.

पत्र काल दुपारी हातात पडलं, आज उत्तर लिहितेय. तुमचं अक्षर अजून तसंच सुरेख आहे, एकही शब्द लावावा लागला नाही. पडलात हे वाचून घाबरले. या वयात जपायला नको का? माझं हे पत्र जे कोणी साहेब तपासत असतील, त्यांनाही माझा नमस्कार, त्यांनी तुमच्यावर लक्ष ठेवावं.

तुमचं पत्र इतकं आवडलं की वकीलबाईंनाही वाचायला दिलं. त्यांनी ते उद्या सकाळी जज्जसाहेबांना दाखवायला नेतेच म्हटलंय. साहेबांना तुमची भाषा ओळखीची आहे.

सायकलवाल्याची बायको सापडली. दुकान आता तीच चालवते, चाकं स्वतः बसवते. तुमच्या पडण्याचं तिलाही सांगितलं. तिने हात पुसले आणि एकच विचारलं, "चप्पल होती का पायात?" मग म्हणाली, माणूस जिवंत राहायला पाहिजे, मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. शनिवारी मुलाखतीला मी, वकीलबाई आणि ती, तिघी येतोय. ढब्बू फाटकापर्यंत येणार आहे. आत यायचं त्याला अजून होत नाही, पण बाहेर उभा राहतो म्हणालाय, तुम्हाला ऐकू येईल अशी हाक मारणार आहे.

पडलात तेव्हा अंगावर जो शर्ट होता, तो शनिवारी धुवायला बाहेर द्या. तिथे धुवायची दगदग करू नका, उगाच न्हाणी पुन्हा ओली व्हायची. फाटला असेल तर फाटलेलाच द्या, लाजू नका.

सध्या रफूचं काम मी बंद ठेवलंय.

तुमचीच,
ठमी